मुनव्वरच्या ऑटोतलं शेवटचं कडवं

मुनव्वरच्या ऑटोतला आतला आरसा छताकडे फिरवलेला असायचा. वाहतुकीच्या शिपायाने एकदा त्यावरून हटकलं, तर हा म्हणतो, "साहेब, मागची गाडी पाहाले बाजूचे दोन आरसे आहेत ना. हा आरसा फक्त पोट्ट्यांचे तोंडं दाखवते. अन् तोंड दिसलं का पोट्टे गात नाहीत." शिपायाला काही कळलं नाही, पण मागे सात पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. त्याने कानावर हात ठेवले आणि गाडी सोडून दिली.

अकोल्यात शाळेची पोरं नेणारे ऑटो काही कमी नाहीत. पण सकाळी पावणेसातला कौलखेडच्या पुढच्या नव्या ले-आऊटच्या वस्तीतून निघणारा हा ऑटो दिसण्याआधी ऐकू यायचा. गोरक्षण रोडवरचा पोहेवाला म्हणायचा की घड्याळ बंद पडलं तरी आपलं काही अडत नाही, मुनव्वरभाईंचा गोंगाट आला की पहिला घाणा उतरवायचा.

गोंगाट म्हणजे एक गाणं होतं. ते कोणी लिहिलेलं नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी याच ऑटोतल्या कुठल्याशा पोरीने पहिली ओळ जुळवली. मग ज्याच्या त्याच्या दाराशी एकेक कडवं वाढत गेलं. कोणाच्या दारात बोरीचं झाड होतं, कोणाकडे चावरं कुत्रं, कोणाच्या आजोबांचा खोकला. सगळं त्या गाण्यात आलं. पोरं मोठी होऊन सायकलवर जाऊ लागली की त्यांचं कडवं त्याच कोपऱ्यावरच्या नव्या पोराला मिळायचं, आणि ते त्यात आपलं काहीतरी घुसडायचं. कायदे मात्र पक्के होते. सकाळी जो पहिला बसेल त्याने गाणं सुरू करायचं:

"उठा उठा रे पोट्टेहो, ऑटो आला दारी,
एकटं कोणी जावाचं नाही, मिळून जाऊ सारी."

आणि दुपारी जो शेवटी उतरेल त्याने ते संपवायचं:

"सारे गेले घरोघरी, गाडी झाली खाली,
सांगजा काका सकाळले, आमची याद आली."

दार आलं तरी कडवं संपेपर्यंत ब्रेक दाबायचा नाही, हा कायदा मात्र मुनव्वरने घातलेला. कडवं लांबलं तर तो गाडी घरापुढून एक फेरी मारून आणायचा. पेट्रोलचा भाव पाहता हा शुद्ध वेडेपणा होता, पण माणसाला एखादं वेड परवडतं, आणि त्याला दुसरं कुठलं नव्हतं. ना खर्रा, ना बिडी.

त्या चाळीस मिनिटांत ती पोरं कोणाचीच नसत. शाळेत तोंडावर बोट ठेवून बसायचं, घरी गेलं की ट्यूशन, ट्यूशन झाली की गृहपाठ. मधला हा ऑटोचा तुकडा तेवढा मोकळा. बेसूर गा, जोरात गा, हसून हसून अर्धवट सोडा, कोण विचारतो? आणि गंमत अशी की सात बेसूर गळे एकत्र आले की त्यातून काहीतरी असं निघायचं, की सिग्नलला शेजारी उभा राहिलेला चिडका माणूससुद्धा गुडघ्यावर ताल धरायचा.

मुनव्वर स्वतः मात्र कधी गायला नाही. पोरं मागे लागत, "काका, तुमी म्हना ना!" तो फक्त ओठ हलवायचा. ओठ हलवण्यात तो पटाईत होता, कारण ते त्याला रीतसर शिकवलं गेलं होतं. बाळापूरला तो लहान असताना उरुसात कव्वालीच्या मागे टाळ्या द्यायला आणि ओळ धरायला पोरं बसवत. नऊ वर्षांचा मुनव्वर नवा पायजमा घालून बसला. दोन ओळी झाल्या असतील, नसतील, उस्तादांनी मान वळवून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बेटा, तू सिर्फ मुँह हिला. आवाज मत निकाल." उस्ताद रागावले नव्हते, प्रेमानेच म्हणाले होते. पण तेव्हा बसलेलं कुलूप पन्नास वर्षांत उघडलं नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, बायको कुलसुमबीने त्याला गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं. एकट्याने उभं राहून गावं आणि सगळ्या मांडवाने ऐकावं, ही हौस मात्र त्याच्या पोटात तशीच राहिली. पुढे जे झालं ते या हौसेपायी झालं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

जुईली त्याच्या ऑटोत आली ती गेल्या वर्षीच्या जूनअखेर. आठ वर्षांची, दोन वेण्या, मोठं दप्तर. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, वडील पुण्याला नोकरीत, म्हणून ती आजोबांकडे राहायला आली. आजोबा म्हणजे भगवंतराव वकील. उभी हयात अकोल्याच्या कोर्टात बोलण्यात गेली, आणि नात अशी मिळाली की तिच्या तोंडून शब्द निघता निघेना. पहिल्या दिवशी ते स्वतः फाटकापर्यंत आले.

"मुनव्वर, ही बोलताना अडकते. पोरांनी चिडवलं तर मला सांगायचं."

"चिडवाले कोनाले फुरसत नाही, वकीलसाहेब. गान्यातच जाते त्यायचा वेळ," मुनव्वर म्हणाला.

जुईलीचं घर सगळ्यात लांब. म्हणजे सकाळी पहिली तीच बसायची आणि दुपारी शेवटची तीच उतरायची. कायद्याने गाण्याची सुरुवातही तिची आणि शेवटही तिचा. पण ती आपली दप्तर पोटाशी धरून गप्प. मग पुढच्या कोपऱ्यावर ईशान बसला की तो सुरुवात करायचा. ईशान सातवीतला, ऑटोचा स्वयंघोषित पुढारी. शेवटचं कडवं तो आपल्या दारातच घाईघाईने उरकून टाकायचा, आणि त्याबद्दल कोणी जुईलीला अवाक्षर बोलत नसे. पोरांना कधीकधी मोठ्यांपेक्षा जास्त कळतं.

ऑगस्टात कधीतरी, यास्मीन आणि चंदन यांच्या मधे ती चेपून बसलेली असताना, मुनव्वरच्या कानाला एक जास्तीचा आवाज लागला. तो सगळ्या पोरांना आवाजावरून ओळखायचा. सहा असायला हवे होते, सात होते. सातवा आवाज बारीक, पण स्वच्छ, आणि कुठेही न अडकणारा. बोलताना 'पाणी' म्हणायला जिला तीन वेळा श्वास घ्यावा लागायचा, ती गाण्यात पुरातल्या मोर्णा नदीसारखी वाहत होती. मुनव्वरचा हात आरशाकडे गेला आणि परत आला. पाहिलं तर ती थांबेल, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा ठाऊक होतं.

दिवाळीपर्यंत जुईली फाटकातून येता येताच पहिली ओळ म्हणू लागली. दुपारी ईशान उतरल्यावर पुढचे दोन किलोमीटर ती आणि मुनव्वर दोघंच. ती सगळ्यांची कडवी एकटीने म्हणायची, जणू सगळे अजून शेजारी बसलेच आहेत, आणि अगदी शेवटी "सांगजा काका सकाळले" म्हणून टुणकन उडी मारायची. दुसऱ्या दिवशी मुनव्वर न चुकता सांगायचा, "याद आली हो, बाई. लय याद आली." ती हसायची. त्या माणसाचं सुख तेवढंच होतं आणि ते त्याला पुरत होतं. पुरायला हवं होतं.

डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगची तयारी सुरू झाली आणि मुनव्वरच्या पोटातली ती जुनी हौस उसळली. एका दुपारी जुईली घरात पळाल्यावर तो फाटकाशी उभा राहिला.

"वकीलसाहेब, एक गोष्ट सांगू? पोरगी गाते."

"कोण पोरगी?"

"तुमची. जुईली. एकबी शब्द अडकत नाही तिचा. इतकं गोड गाते का काय सांगू."

घरात ही मुलगी दिवसाला चार शब्द बोलायची. भगवंतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. "मले नाही ऐकवलं तिने कधी," ते म्हणाले. वकीलसाहेब एरवी पोथीतल्यासारखं मराठी बोलत, पण गळा भरून आला की त्यांचंही 'मले' व्हायचं.

दोघं मिळून शाळेत गेले. बाई भल्या होत्या, लगेच कबूल झाल्या. एकटीचं गाणं, पेटीच्या साथीवर. तयारीत ती हळू का होईना, पेटीबरोबर गायली. मागे सगळा वर्ग गुणगुणत होता, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि जुईलीला विचारलं का? विचारलं की. आजोबांनी विचारलं, "गाशील ना?" आजोबांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की आठ वर्षांच्या मुलीने मान हलवण्याशिवाय दुसरं काय करावं?

गॅदरिंगच्या दिवशी मुनव्वर इस्त्रीचा शर्ट घालून मांडवात शेवटच्या रांगेत बसला. एरवी ऑटोवाले बाहेर थांबतात. जुईली आली. निळा फ्रॉक, वेणीत फुलं. माईक तिच्या तोंडापर्यंत खाली केला. पेटी सुरू झाली. एकदा फिरली. दुसऱ्यांदा फिरली. मुलगी उभीच. बाई पडद्याआडून म्हणाल्या, "म्हण बेटा." तिने तोंड उघडलं आणि माईकमधून सगळ्या मांडवाला ऐकू आलं, "मा… मा… मा…"

लोक हसले. दुष्टपणाने नाही, लहान मूल अडखळलं की हसतात तसे हसले. त्या हसण्याने ती आणखी अडकली. भगवंतराव पहिल्या रांगेतून उठले, काठी टेकत पायऱ्या चढले, आणि तिचा हात धरून तिला खाली घेऊन आले. त्या सगळ्या वेळात ती मांडवाच्या मागच्या टोकाकडे बघत होती. मुनव्वरला वाटलं ती आपल्याकडेच बघतेय. त्याने मान खाली घातली, आणि हे त्याला पुढे फार दिवस टोचत राहिलं. पोर बघत असताना मान खाली घालायची?

ज्या माणसाने पोरांना कोणी पाहू नये म्हणून आरसा फिरवला, त्याच माणसाने एका पोरीला हजार डोळ्यांपुढे नेऊन उभं केलं. याला मूर्खपणा म्हणावं तर त्यात माया होती, आणि माया म्हणावं तर पोरीचा आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑटोत बसली, दप्तर पोटाशी धरून, जूनमध्ये बसायची तशी. गाणं सुरू झालं नाही. ईशानच्या कोपऱ्यावर ईशान चढला, त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली. सहा आवाज. मुनव्वर रोज मोजायचा. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, सहाचे सात झाले नाहीत. दुपारी ईशान उतरायच्या आधी आता शेवटचं कडवं म्हणत नसे. "ते तिचं आहे. ती म्हनंल," तो म्हणायचा. ती म्हणायची नाही. दोन किलोमीटर नुसता इंजिनाचा आवाज. ती निमूटपणे उतरायची, आणि ते अर्धं गाणं मुनव्वर रोज घरी घेऊन जायचा.

कुलसुमबीने विचारलं, "खाना क्यों नहीं खाते जी?"

"भूक नहीं," तो म्हणायचा. दुसरं काय सांगणार?

मार्चमध्ये ऊन तापलं तशी त्याने एक दिवस गाडी कडुनिंबाखाली घेतली, तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि स्वतः समोर फुटपाथवर उकिडवा बसला.

"जुई, गलती माही झाली. तुही नाही, तुह्या आबाची नाही. माही. तू माह्यावर रागाव. पन गानं नको सोडू, बाई."

गोळा वितळून तिच्या कोपरापर्यंत लाल ओघळ आला. ती बराच वेळ शब्दाशी झगडत होती. मुनव्वरने मध्ये तिला शब्द सुचवला नाही, तेवढी अक्कल त्याला होती.

"ति… तिथं… को… कोणीच न… नव्हतं," ती म्हणाली.

मांडव गच्च भरला होता. पाय ठेवायला जागा नव्हती. एका दंडाला यास्मीन, दुसऱ्याला चंदन, समोर ईशानचा फाटका बूट, असं असलं की तिला आवाज फुटायचा. तो एकटा उचलून स्टेजवर ठेवता येत नव्हता. आपण आयुष्यभर एकट्याने गाण्याची आस धरली, आणि या पोरीला सगळ्यांत मिसळून कोणालाच वेगळं दिसू नये एवढंच हवं होतं, हे मुनव्वरला तेव्हा समजलं. समजून उपयोग नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भगवंतरावांनी सांगितलं. "मुनव्वर, पोरीला अमरावतीला पाठवतो. तिची आत्या आहे तिथे. तिथे बोलणं सुधारणाऱ्या एक डॉक्टरीण आहेत म्हणतात. शाळाही तिथलीच. माझ्याने आता होत नाही." मग म्हणाले, "मी तुला दोष देत नाही." दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मुनव्वरला वाटलं.

शाळेचा शेवटचा दिवस. दुपारचे बारा, डांबर मऊ झालेलं. चंदनचं दार आलं, कडवं संपलं, मुनव्वरने ब्रेक दाबला. चंदन उतरेना.

"उतर ना रे."

"नाही. आज आमी कोनीच उतरत नाही," मागून ईशान म्हणाला. "जुईलीच्या दारापर्यंत सारे जातो. मंग वापस येतो."

"लेकहो, तुमचे मायबाप माह्या गाडीची हवा काढतीन!"

"काढू द्या," यास्मीन म्हणाली. "पंक्चरवाला माहा मामूच आहे."

मुनव्वरने गाडी पुढे काढली. एकेक दार मागे पडत गेलं, एकेक कडवं होत गेलं, आणि कोणीही उतरलं नाही. शेवटी फाटक आलं तेव्हा सहाही जणांनी शेवटचं कडवं एकदम म्हटलं. मुनव्वर कान देऊन ऐकत होता. सहाच. जुईली खाली उतरली. यास्मीनने तिला आपली केसांची पिन दिली, चंदनने चिंचेची गोळी. फाटकाशी भगवंतराव उभे होते. मुनव्वरला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याला फक्त "नीट राहजो, बाई" एवढंच सुचलं. तिने मान हलवली.

त्याने ऑटो वळवला. निघणार तोच ईशान मोठ्याने म्हणाला, "थांबा काका. आता गाडी जुईलीच्या दारातून निघून राहिली. मंग सुरू कोन करंल? कायदा आहे ना!"

इंजिन टकटकत होतं. मुनव्वरने मागे पाहिलं नाही, बाजूच्या आरशातही पाहिलं नाही. तो समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे डोळे लावून बसला. आणि मग फाटकाकडून, उन्हातून, बारीक आवाज आला:

"उठा उठा रे पोट्टेहो, ऑटो आला दारी…"

पुढची ओळ तिला एकटीला म्हणावीच लागली नाही. सहा गळे तुटून पडले. सात. मुनव्वरने मोजले, सात. फाटकाशी भगवंतरावांच्या हातातली काठी पडली, तिचा आवाज त्याने ऐकला. त्याने क्लच सोडला. ऑटो पुढे जात राहिला तसा सातवा आवाज मागे मागे पडत गेला, वळणापर्यंत येत राहिला, आणि वळणाच्या पुढे आला नाही.

परतीत ईशान उतरला, मग यास्मीन, मग बाकीचे. दारोदारी आया बोलल्या, पाऊण तास उशीर म्हणजे काय, मुलं भाजून निघाली, फोन उचलता येत नाही का. एकीने तर जूनपासून दुसरा ऑटो बघते म्हणून तोंडावर सांगितलं. मुनव्वर "हो ताई, चुकलं ताई" म्हणत राहिला. सगळ्यात शेवटी चंदन उतरला आणि आपलं कडवं म्हणत आत पळाला.

ऑटो रिकामा झाला. जुईलीने सुरू केलेलं गाणं शेवटच्या कडव्यापाशी येऊन थांबलं होतं, आणि कायद्याप्रमाणे जो शेवटी उतरेल त्याने ते संपवायचं होतं. आज शेवटी उतरणारा तोच होता. बाळापूर नाक्याजवळ आपल्या दारात आला तरी त्याने ब्रेक दाबला नाही. एक फेरी मारली. दुसरी मारली.

आत पोळ्या लाटणाऱ्या कुलसुमबीला रस्त्यावरून एक आवाज ऐकू आला. घोगरा, फाटका, सुराशी काही देणंघेणं नसलेला, पण मोठ्याने. कोण परका माणूस यांच्या गाडीत बसलाय म्हणून ती पिठाच्या हातांनी दारात आली. ऑटोत दुसरं कोणी नव्हतं. तिचा नवरा हँडल धरून गात होता, आणि त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"सारे गेले घरोघरी, गाडी झाली खाली,
सांगजा काका सकाळले, आमची याद आली."

कडवं संपलं तेव्हा त्याने ब्रेक दाबला. याद आली हे सकाळी सांगायचं होतं, आणि उद्यापासून सुट्टी होती.